घाटातला बिबट्या आणि आपला अंगठा



आमचं आणे गाव बाहेरच्या लोकांना ठाऊक असतं ते रंगदास स्वामींच्या यात्रेतल्या आमटी-भाकरीसाठी. गेल्या हिवाळ्यात मात्र आठवडाभर गावात एकच विषय होता. घाटातल्या वळणावर, कठड्यावर ऐटीत बसलेला बिबट्या. फोटो माझ्या पुतण्याला कॉलेजच्या ग्रुपवर आला, त्याने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि मी महिला मंडळाच्या. डाळीला फोडणी देता देता पाठवला, नीट पाहिलाही नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी ताई आलीच नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काकू, वस्तीवर पोरं एकटी कशी सोडू? दार लावून बसलो होतो." तिची दोन दिवसांची मजुरी बुडाली.

मग पुतण्या हसत सांगतो, "काकी, तो एआयने बनवलेला होता. कठड्याचे दगड बघ ना, एकमेकांत विरघळलेत."

त्याला गंमत वाटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या जुन्नर-शिरूर भागात बिबट्या ही गंमत नाही. उसात त्याचं घर आहे, माणिकडोहला त्याच्यासाठी निवारा केंद्र आहे आणि इथल्या आयांनी लेकरं गमावली आहेत. खोट्या फोटोंपायी वनखात्याची माणसं नको तिथे धावतात आणि ज्या दिवशी खरा बिबट्या दिसेल त्या दिवशी लोक म्हणतील, हाही एआयचाच.

याहून भयंकरही घडलं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच माणसं जमावाने ठेचून मारली. मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरत होती, एवढंच कारण. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. ती अफवा पुढे ढकलणाऱ्यांत माझ्यासारख्या फोडणी देणाऱ्या किती असतील, कोण जाणे.

पुतण्याला रागावले नाही. पाठशाळेत त्याने तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय घोकला होता, तोच उघडला. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख तयार करणं. "ते वहीखात्याचं असतं गं काकी," तो म्हणाला. असेल, आपल्याकडे व्यापारी घरांत तसंच शिकवलं गेलं. पण खोटं चित्र बनवणं त्यात बसत नाही का? त्यांतच रहोभ्याख्यान, एकांतातली गोष्ट उघड करणं. वर्गातल्या मुलीच्या चॅटचा स्क्रीनशॉट फिरवणं याला दुसरं नाव काय? अचौर्यात तदाहृतादान आहे, चोरीचा माल घेणं. इथे तो गप्प झाला. त्याची अर्धी पुस्तकं टेलिग्रामवरच्या पीडीएफ, सिनेमे तर सगळेच.

पुस्तकं महाग आहेत हे मला मान्य आहे. पण मराठी विश्वकोश नेटवर फुकट वाचता येतो, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे, 'स्वयं'वर नामवंत प्राध्यापकांचे अभ्यासक्रम आहेत. मुलांना रील सापडते, हे सापडत नाही. पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी त्याने गुळुंचवाडीच्या नैसर्गिक पुलावर चार पानं उतरवली होती, तीन वेबसाइटवरून, आणि तिन्हींवर वाक्यं तीच. म्हटलं, अरे, तो पूल आपल्याच घाटात आहे, टेप घेऊन जा! गेला. मापं घेतली, मळगंगेच्या देवळाजवळच्या म्हाताऱ्यांशी बोलला आणि मग नेटवर बसला तो बेसाल्ट कसा झिजतो हे शोधायला. या वेळी त्याला काय शोधायचं ते माहीत होतं.

मंडळातल्या काहीजणी म्हणतात, मुलांचे मोबाईल काढून घ्या. मला पटत नाही. फोटो त्याने मला पाठवला हे खरं, पण गावभर केला मी. मुलाला पडताळून बघ म्हणणाऱ्या आपण 'अकरा जणांना पाठवा, शुभवार्ता मिळेल' हे मुकाट्याने पुढे पाठवतोच ना?

त्या संध्याकाळी प्रतिक्रमणानंतर मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: तो फोटो खोटा होता, मी न बघता पाठवला, मिच्छामि दुक्कडम्. ताईला दोन दिवसांची मजुरी दिली. ग्रुपवर हात जोडलेली बरीच चित्रं आली. एकीने विचारलं, "पण बिबट्या खरंच दिसला होता ना?"

पंधरा दिवसांनी तोच फोटो नगरच्या नणंदेकडून आला. खाली लिहिलं होतं, 'आळेफाटा, आज सकाळी'. मी पुन्हा लिहायला बसले.