जातगणनेची फाईल कोण उघडणार?

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने येत्या जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला. देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ ही या जनगणनेची संदर्भ तारीख आहे. १९३१ नंतर सर्व जातींचे आकडे जनगणनेने प्रसिद्ध केलेले नाहीत. स्वतंत्र भारताच्या जनगणनेतून जातवार तक्ते गाळले गेले, तेव्हा बाबासाहेबांनी १९५५ साली भाषावार राज्यांवरील आपल्या पुस्तकात त्यावर कडक टीका केली होती. त्याच पुस्तकाला त्यांनी लोकसंख्येचे तक्ते परिशिष्ट म्हणून जोडले होते. आकड्यांशिवाय हक्काचा युक्तिवाद लंगडा पडतो, हे त्यांनी कृतीतून दाखवले.

आज आपल्या चळवळीत जातगणना झालीच पाहिजे असे म्हणणारे हजारो आहेत. पण एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. आकडे आले, फाईल संगणकावर उतरवली, तर ती उघडणार कोण? आणि उघडून आपल्या गावाची, आपल्या तालुक्याची ओळ बाहेर काढणार कोण?

सामान्य कार्यकर्त्याला आकड्यांसाठी एकच साधन माहीत असते, ते म्हणजे एक्सेल. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात, त्यापुढे एकही नाही. जुन्या पद्धतीच्या फाईलमध्ये ही मर्यादा फक्त ६५,५३६ ओळींची होती. भारतात सहा लाख चाळीस हजारांहून अधिक गावे आहेत. प्रत्येक गावासाठी दोनच ओळी धरल्या तरी नवे एक्सेलसुद्धा भरून वाहते. मोठी फाईल उघडली की एक्सेल एक छोटी सूचना दाखवते, आपण ती बंद करतो आणि जे दिसते तेच सगळे असे समजून बेरीज करतो. उरलेली माणसे हिशोबातून बाहेर.

हे नुसते भय नाही, हे घडले आहे. कोविडच्या काळात, २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठवड्यात, इंग्लंडमधील १५,८४१ बाधितांच्या नोंदी सरकारी आकड्यांतून गळल्या. पब्लिक हेल्थ इंग्लंड ही संस्था प्रयोगशाळांच्या याद्या जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाईलमध्ये भरत होती. मर्यादा संपली आणि पुढच्या ओळी आत आल्याच नाहीत. त्या लोकांना आपला अहवाल मिळाला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. श्रीमंत देशाच्या यंत्रणेचे हे झाले, तर आपल्या कार्यालयातल्या एका जुन्या संगणकाचे काय?

यावरचा उपाय पन्नास वर्षे जुना आणि फुकट आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये युनिक्स ही संगणकप्रणाली घडत असतानाच तिच्यात ‘स्प्लिट’ नावाची छोटी आज्ञा आली. मोठी फाईल घ्यायची आणि तिचे तुकडे करायचे, एवढेच तिचे काम. आज ती प्रत्येक लिनक्स आणि मॅक संगणकावर आहे, विंडोजवर लिनक्सची जोडणी घेतली की मिळते, आणि लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाच्या ॲपमध्येही चालते. काळ्या पडद्यावर टाइप केलेल्या अशा आज्ञा जो प्रोग्राम चालवतो त्याला शेल म्हणतात. त्याच आज्ञा एका फाईलमध्ये क्रमाने लिहून ठेवल्या की झाली शेल स्क्रिप्ट. स्प्लिटला काही सांगितले नाही तर ती हजार-हजार ओळींचे तुकडे पाडते. वजा चिन्ह, इंग्रजी एल आणि संख्या दिली की हव्या तेवढ्या ओळींचे. मूळ फाईलला ती हात लावत नाही.

मात्र कापताना तीन गोष्टी पाळाव्याच लागतात.

पहिली, शीर्षकाची ओळ. कोणता रकाना कशाचा हे फाईलच्या पहिल्या ओळीत असते आणि ती ओळ पहिल्याच तुकड्यात जाते. बाकीच्या तुकड्यांत उरतात नुसते आकडे. म्हणून ‘हेड’ या आज्ञेने ती ओळ आधी वेगळी काढायची, उरलेली फाईल कापायची आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर ती ओळ परत चढवायची.

दुसरी, मोजणी. कापण्याआधी ‘डब्ल्यूसी’ या आज्ञेने ओळी मोजायच्या, कापल्यावर सगळ्या तुकड्यांच्या ओळी मोजून बेरीज करायची. जोडलेली शीर्षके वजा केल्यावर एका ओळीचाही फरक निघाला तर काम थांबवायचे. इंग्लंडमध्ये नेमकी हीच गोष्ट वेळेवर झाली नाही.

तिसरी खास आपल्या भाषेची. स्प्लिट बाइट मोजूनही कापू शकते आणि अनेक जण तसेच कापतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट घेते. ‘महाराष्ट्र’ या एका शब्दाला तीस बाइट लागतात. बाइट मोजून कापले तर सुरी अक्षराच्या मधोमध बसते, आणि एखाद्याच्या नावाच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हे उरतात. इंग्रजी मजकुरात बहुतेक अक्षरे एकाच बाइटची असल्यामुळे ही अडचण सहसा येत नाही, म्हणून इंग्रजीत लिहिलेल्या सूचना त्याबद्दल बोलतही नाहीत. मराठी यादी नेहमी ओळींवरच कापायची.

इथपर्यंत तंत्र झाले. खरा वाद पुढे आहे, तो म्हणजे कुठे कापायचे.

२०११ च्या जनगणनेची महाराष्ट्राची प्राथमिक सारांश फाईल घ्या. ती जनगणनेच्या संकेतस्थळावर आहे आणि एक्सेलमध्ये मावते, म्हणून सरावाला उत्तम. तीत चाळीस हजारांहून अधिक गावे आहेत. प्रत्येक गावाची एकूण लोकसंख्या, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, साक्षर, मुख्य कामगार, सीमांत कामगार असे रकाने आहेत. ती साध्या मजकुराची फाईल म्हणून जतन करून पाच-पाच हजार ओळींवर कापली, तर एखादा तालुका मधूनच तुटेल. म्हणून तिथे ‘ऑक’ ही आज्ञा वापरावी. तिला सांगायचे, पहिली ओळ लक्षात ठेव, पुढच्या प्रत्येक ओळीत जिल्ह्याचा क्रमांक पाहा आणि ती ओळ त्या क्रमांकाच्या फाईलमध्ये टाक. चार ओळींची स्क्रिप्ट.

ती चालवली की छत्तीस फाईली मिळतात. महाराष्ट्रात छत्तीस जिल्हे, हिशोब जुळला, असे वाटेल. पण तो जुळलेला नाही. २०११ साली जिल्हे पस्तीस होते. छत्तिसावी फाईल आहे राज्याच्या बेरजेची. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, त्यामुळे जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी ही सगळी गावे अजून ठाण्याच्या फाईलमध्ये आहेत. ठाण्याची सरासरी काढली की मोखाड्यातला आदिवासी पाडा मुंबईलगतच्या शहरांच्या आकड्यांखाली दबून जातो. त्याच फाईलमध्ये राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव अशा सगळ्या पातळ्यांच्या ओळी एकाखाली एक आहेत. न पाहता बेरीज केली तर एकच माणूस अनेकदा मोजला जातो. यातले काहीही संगणक सांगत नाही. हे त्या भागात फिरलेल्या कार्यकर्त्यालाच ठाऊक असते.

जातींच्या बाबतीत हे आणखी नाजूक आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात सर्वेक्षणात ४६ लाखांहून अधिक जातिनामे नोंदली गेली, तर १९३१ साली ती संख्या ४,१४७ होती, असे केंद्राने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. स्पेलिंग, पोटजात, आडनाव, गोत्र यांची सरमिसळ झाली की असे होते. अशा यादीवर जातिनामाच्या रकान्याने ऑक चालवा, एकाच समाजाच्या शेकडो फाईली होतील आणि प्रत्येक फाईलमध्ये तो समाज नगण्य दिसेल. कोणती नावे एकत्र धरायची हा निर्णय तांत्रिक नाही. तो कुणाच्या हाती असावा, हा लोकशाहीचा प्रश्न आहे.

काही मित्र म्हणतात, आमच्याकडे आयटीतला एक मुलगा आहे, तो करून देतो. तो चांगलाच आहे. पण लिहिण्या-वाचण्याची किल्ली एकाच्या हाती असली की बाकीच्यांचे काय होते, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायची गरज नाही. तो पुण्याहून बंगळुरूला गेला की संघटनेचे डोळे जातात. काही म्हणतात, आता एआय करून देईल. एआय स्क्रिप्ट लिहून देईलही. पण छत्तिसावी फाईल पालघरची नाही, हे ओळखायला विचारणाऱ्यालाच विषय माहीत हवा आणि मोजणी करून पाहायची सवय हवी.

या कौशल्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. फाईलमध्ये जे नाही ते कापून निघत नाही. २०११ च्या त्या फाईलमधून गावात साक्षर किती हे कळते, त्यांत अनुसूचित जातीचे किती हे कळत नाही. म्हणून कोणते तक्ते गावपातळीपर्यंत आणि साध्या मजकुराच्या स्वरूपात प्रसिद्ध व्हावेत, ही मागणी आत्ताच करायला हवी. सरासऱ्या आल्यावर ओरडून उपयोग नाही.

प्रत्येक तालुक्यात अभ्यासवर्ग होतात. पुढच्या अभ्यासवर्गात दोन तास यासाठी ठेवा. २०११ ची फाईल घ्या, आपल्या जिल्ह्याच्या ओळी वेगळ्या काढा, मोजा आणि आपल्या गावाची ओळ मोठ्याने वाचून दाखवा. किमान तीन जणांना, त्यांत किमान एका मुलीला, हे हाताने करता आले पाहिजे. नवे आकडे येतील तेव्हा दूरचित्रवाणीवर कुणीतरी आपल्याला त्यांचा अर्थ सांगेलच. त्याच संध्याकाळी आपल्या गावाचा आकडा आपल्याच फाईलमधून काढून त्याला उत्तर देता आले, तर जातगणनेची मागणी केल्याचे सार्थक झाले.