मातीची प्रत आणि मातीची परीक्षा

तंजावूरच्या मराठा राजवाड्याभोवती पसरलेल्या कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात जमिनीची प्रत लावण्याची प्रथा जुनीच आहे. परंतु ब्रिटिश जमाबंदीतील ‘तरम’, म्हणजे मातीनुसार लावलेला जमिनीचा दर्जा, हा सारा आकारण्यासाठी होता, पीक वाढवण्यासाठी नव्हे. 19 फेब्रुवारी 2015 रोजी सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेचा हेतू याच्या उलट आहे. तीत सामू (मातीचा आम्ल-विम्लपणा), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब यांच्यासह नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, मँगनीज, तांबे व बोरॉन अशा एकूण बारा बाबी नोंदवून खताची मात्रा सुचवली जाते.

तरीही शेतकरी या पत्रिकेवर सहजी विसंबत नाही, आणि त्याला अडाणी ठरवून हा प्रश्न सुटणारा नाही. योजनेच्या मूळ आखणीत बागायतीतील अडीच हेक्टरांसाठी एकच नमुना धरलेला असल्याने, एक-दोन एकरांच्या धन्याला हाती आलेले आकडे आपल्याच बांधाआतले आहेत अशी खात्री वाटत नाही. शिवाय 2010 पासून स्फुरद-पालाशयुक्त खतांचे भाव बऱ्याच अंशी मोकळे झाले, तर युरियाची 45 किलोंची गोणी सुमारे 266 रुपयांवर बांधलेली राहिली. युरिया टाकताच भात काही दिवसांत हिरवेगार दिसते, उलट जस्त घातल्याचा गुण तसा नजरेत भरत नाही. देवस्थानाची किंवा इतरांची जमीन कसणाऱ्या कुळाला तर पुढील हंगामातही तेच शेत आपल्याकडे राहील याची शाश्वती नसेल, तर मातीत गुंतवणूक करण्याचे कारणच उरत नाही.

म्हणून प्रबोधनाच्या सभांपेक्षा वेळापत्रक अधिक महत्त्वाचे ठरते. सांबा हे लांब मुदतीचे भात जानेवारी-फेब्रुवारीत निघाले की शेते कोरडी होतात, आणि कुरुवै या अल्पमुदतीच्या भातासाठी मेट्टूर धरणाचे पाणी 12 जूनला सोडण्याचा प्रघात आहे. या अवधीत बांध, झाडाची सावली आणि खताचा ढीग टाळून, शेतातील आठ-दहा ठिकाणांची 15 सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती एकत्र करून नमुना घेता येतो. कृषी खात्याने तो प्रत्येक कसणाऱ्याच्या देखत घ्यावा आणि अहवाल धरणाचे दरवाजे उघडण्यापूर्वी त्याच्या हाती द्यावा. पेरणीनंतर पोहोचलेली पत्रिका शेतकऱ्याने बाजूला ठेवली, तर दोष त्याचा नव्हे.