गरम पोळीचा जुलूम

आमच्या स्वयंपाकघरात ओव्हनच्या खाली एक खण आहे. दोन वर्षांपूर्वी सूनबाईने ओटा नव्याने करून घेतला, तेव्हा तो घरात आला. अन्न ऊन ठेवण्याचा खण, असे त्याच्या पुस्तिकेत स्पष्ट छापलेले आहे. पहिली दीड वर्षे त्यात काय होते म्हणाल? केकचे तीन ट्रे, एक मोडकी किसणी आणि वाण्याकडच्या पिशव्या! (काही ओव्हनांखालचा खण नुसता भांडी ठेवण्यापुरताच असतो, तो तापत नाही, त्याच्याशी माझे भांडण नाही.)

माझे भांडण आहे ते आमचा खण थंड का राहिला, त्या कारणाशी. आणि ते कारण घरातल्या पुरुषांच्या जिभेवर बसलेले आहे. ‘पोळी कशी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे!’

गेल्या भाऊबीजेचीच गोष्ट घ्या. चौदा पाने होती. लेक नाशिकहून पहाटे निघून आली, तिने भावांना ओवाळले, आणि ओवाळणीचे पाकीट कमरेला खोचून ती जी गॅसपाशी उभी राहिली ती पावणेतीनपर्यंत. ती लाटत होती, सून भाजत होती, मी वाढत होते. मधेच चिरंजीव पाटावरून म्हणाले, “ताई, तू पण बस ना आता!” आणि तेवढ्याच दमात, “एक गरम आण गं, अर्धीच.” आम्ही तिघी बसलो तेव्हा आमटी तिसऱ्यांदा उकळलेली होती आणि वाट्याला आल्या त्या कडा करपलेल्या पोळ्या. सण कोणाचा? बहिणीचा!

हा जुलूम पोसला कोणी, असे विचाराल तर मीच. मुलाच्या ताटात टम्म फुगलेली पोळी टाकताना मला धन्यता वाटत असे, हे कबूल करते. म्हणून तर आता मोडण्याचा अधिकारही माझाच.

आता कोणी म्हणेल, ही साहेबी थेरे आपल्याकडे कशाला? अहो, आपल्या चुलीला वैल होता तो कशासाठी? पुढे जाळ चाले आणि त्याच्या उरल्या आचेवर मागे वैलावर आमटी ऊन राही. आजी भाताचे पातेले आहारावर सरकवून ठेवीत असे. दूध, भात, आमटी या सगळ्यांसाठी आपण सोय केली. पोळीपुरती मात्र ती सोय म्हणजे बाईचे पाय!

दुसरा आक्षेप असा, की खणात पोळी वातड होते. उघडी ठेवली तर होईलच. भाजलेली पोळी क्षणभर वाफ जाऊ देऊन सुती फडक्यात गुंडाळावी, झाकणाच्या डब्यात घालावी आणि खण पासष्ट-सत्तर अंशांवर ठेवून अर्धा-पाऊण तास विसरून जावी. ती तव्यावरच्यासारखी फुगलेली राहत नाही, हे मान्य. ज्वारीच्या भाकरीची तर मी वकिलीच करीत नाही. पण ती मऊ राहते, ऊन राहते, आणि ज्या बाईने केली तिलाही उनच मिळते. स्टीलची ताटेही दहा मिनिटे खणात ठेवावीत. थंडीत गार ताट भाताची ऊब निम्मी पिऊन टाकते.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. हा खण अन्न शिजवीत नाही आणि गार अन्न गरमही करीत नाही. अन्न त्यात कढत असतानाच गेले पाहिजे आणि साठ अंशांच्या वर राहिले पाहिजे. कोमट हा शब्द दह्याच्या विरजणाला शोभतो, भाताला नव्हे. भातातले काही जंतू बीजरूपाने उकळीतही तगून राहतात आणि कोमटपणात फोफावतात. सकाळचे रात्रीपर्यंत खणात ठेवून ‘सोय झाली’ म्हणणाऱ्यांनी नंतर पोट धरून माझ्याकडे येऊ नये.

स्वीडनमध्ये गुस्ताफ दालेन नावाचे संशोधक होते. १९१२ साली एका स्फोटात त्यांची दृष्टी गेली; त्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. घरी बसल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, आपली बायको चुलीपाशी फार थकते. पुढे १९२२ साली त्यांनी अखंड उष्णता धरून ठेवणारी ‘आगा’ शेगडी काढली. तिला खाली मंद आचेचा कप्पाही होता. डोळे गेलेल्या माणसाला जे दिसले, ते आमच्याकडे पाटावर बसलेल्या सात धडधाकट पुरुषांना दिसत नाही!

हा खण महाग आहे आणि घरोघरी तो असणार नाही, हे मला समजते. मग कॅसरोल घ्या. तोही नसेल तर डबा जुन्या गोधडीत गुंडाळा. तेवढ्याने तासभर निभते.

यंदाच्या भाऊबीजेचे मी आधीच जाहीर केले आहे: साडेबाराला शेवटची पोळी डब्यात जाईल, गॅस बंद होईल आणि चौदाही पाने एकदम बसतील. ह्यांनी वर्तमानपत्र खाली न करताच “बरं” म्हटले. चिरंजीवांनी चेहरा पाडला. ज्याला तव्यावरचीच हवी असेल त्याने खुशाल उठावे. पोळपाट-लाटणे ओट्याखालच्या डाव्या फळीवर आहे. मोडकी किसणी आता कुठे ठेवायची, एवढे मात्र अजून ठरलेले नाही.