फाटक्यांत पाय

“दुसऱ्याच्या फाटक्यांत पाय घालूं नये,” असा उपदेश वडीलधाऱ्यांनीं आम्हांस लहानपणीं केला. हल्लींचे तरुण दुसऱ्याच्या नव्हे, स्वतःच्याच फाटक्यांत पाय घालतात, आणि त्यासाठीं दुकानदारास रोख पैसे मोजतात! गेल्या दिवाळीच्या सुटींत एका कापडाच्या दुकानांत जीन्सच्या दोन निळ्या विजारी शेजारीं शेजारीं टांगलेल्या आम्हीं पाहिल्या. एक धड होती. दुसरीचे दोन्ही गुडघे उघडे होते. किंमत फाटकीची अधिक! कारण विचारतां विक्रेता गंभीरपणें उत्तरला, “सर, ही हातानें फाडलेली आहे.” आमच्या लहानपणीं हें काम आम्ही पेरूच्या झाडावर चढून फुकट करीत असूं, वर आईचा मार मिळे.

या विजारीचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. अमेरिकेंतील कापडाचा व्यापारी लिव्हाय स्ट्रॉस आणि शिंपी जेकब डेव्हिस या दोघांनीं १८७३ सालीं खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याच्या रिव्हेटी ठोकण्याचें पेटंट मिळविलें. हेतु एवढाच कीं, राबणाऱ्या मजुरांचे खिसे उसवूं नयेत. त्याच्याहि पूर्वीं आपल्या मुंबईच्या डोंगरी भागाच्या नांवानें ओळखलें जाणारें जाडेंभरडें सुती कापड परदेशीं जात असे. इंग्रजींतील ‘डंगरी’ हा शब्द त्यावरूनच आला. म्हणजे जें वस्त्र फाटूं नये म्हणून जन्मास आलें, तेंच आज फाडून विकलें जात आहे!

आमची तक्रार तरुणांच्या हौसेविषयीं नाहीं. मे महिन्यांतील लग्नांत आम्ही शिक्षकमंडळी गळ्याभोंवतीं टाय आवळून घेतों, तो कांहीं थंडीसाठीं नव्हे. टोंचतें तें निराळेंच. येथें ‘आम्ही’चा भरजरी कोट उतरवून ‘मी’ म्हणूनच सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एका मुलाच्या गणवेशास गुडघ्यावर ठिगळ होतें. ठिगळ नेटकें, टांके बारीक व एकसारखे. तरी मागच्या बांकावर हंशा पिकला. हंसणाऱ्यांपैकीं एकजण आदल्याच रविवारीं फाटक्या जीन्समध्यें मला बाजारांत भेटला होता! मीं त्यांस दटाविलें, आणि स्वतःस मोठा न्यायी समजलों. पुढच्या आठवड्यांत पालकसभेच्या दिवशीं विटक्या सदऱ्यांतील एक गृहस्थ दारांत उभे दिसले. मजूर समजून मीं त्यांस खुर्च्या मांडावयास सांगितलें. त्यांनीं निमूटपणें मांडल्या. सभा सुरू झाली तेव्हां ते शेवटच्या खुर्चीवर बसले. ते त्याच मुलाचे वडील होते. माझ्या अंगावर इस्त्रीचा कोट होता. लाज मात्र त्याखालीं झांकेना.

गुडघा तोच, भोंक तेंच. मग एकाचा मान आणि दुसऱ्याचें हंसें कां? कारण आपण वस्त्राकडे पाहतच नाहीं. वस्त्रामागील पैशाच्या पिशवीकडे पाहतों. ज्यास उद्यां धड विजार घेतां येते, त्याचें भोंक ही हौस. ज्यास ती घेतां येत नाहीं, त्याचें भोंक हा जणूं गुन्हा! ही पिशवी निदान शाळेच्या फाटकाबाहेर राहावी, म्हणूनच गणवेश असतो. पालकांनींहि मुलांस महाग कपडे घेण्याबरोबर तुटलेली गुंडी लावण्यास शिकवावें, आणि लहान झालेला गणवेश धुऊन, शिवून, ज्यास उपयोगी पडेल त्यास गाजावाजा न करतां द्यावा.

विद्यार्थिमित्रहो, फाडण्यास पैसे पडतात. शिवण्यास माया लागते. ठिगळ म्हणजे, दिवसभर राबून आलेलें कोणी रात्रीं आपल्यासाठीं जागलें, याची पावती होय. पुढल्या खेपेस कोणाच्या गुडघ्याकडे पाहून हंसूं आलें, तर आधीं टांके मोजा. मोजून होईपर्यंत हंसूं ओसरलेलें असेल.