तळ तापतो तेव्हा

१९०० साली आंरी बेनार या फ्रेंच संशोधकाने धातूच्या सपाट तबकडीवर द्रवाचा पातळ थर पसरून तो खालून तापवला; वर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षटकोन उमटले. १९१६ मध्ये लॉर्ड रॅले यांनी गणित मांडले: गरम, हलका द्रव वर उसळू पाहतो, चिकटपणा आणि उष्णतेचे वहन त्याला रोखतात. दोन दृढ पृष्ठभागांमध्ये या झटापटीचे माप सांगणारा आकडा सुमारे १७०८ ओलांडेपर्यंत द्रव ढिम्म राहतो. गणित चोख, पण बेनारच्या षटकोनांना (गंमत पाहा!) ते लागूच नव्हते. तिथला खरा कर्ता पृष्ठताण, हे १९५०च्या दशकात उलगडले. जाड थरांत मात्र आजही रॅलेच खरे. अशा गणिताची समीकरणे आम्ही नियतकालिकाच्या या अंकातून गाळलेली नाहीत. मराठी वाचकाला ती झेपत नाहीत, हे आम्हाला मान्य नाही.