खानेसुमारीचा आकडा आणि खेड्याची वाट

पावसाळा लागला की यवतमाळ जिल्ह्यातील झरी, मारेगाव, केळापूर या बाजूची कित्येक कोलाम पोडे काळ्या चिखलाच्या पलीकडे पडतात. आजारी माणसास बाजेवर घालून पक्क्या सडकेपर्यंत आणावे लागते, आणि एस. टी. तर जेथे सडक तेथेच जाणार! याचा दोष आपण नेहमी पावसास देतो. आमच्या मते त्यात खानेसुमारीच्या आकड्याचाही मोठा वाटा आहे.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली, तेव्हा नियम ठरला तो असा की, सपाट मुलखात ५०० आणि डोंगरी व आदिवासी मुलखात २५० लोकवस्ती असेल तर सडक मिळावी. त्यास २००१ ची खानेसुमारी प्रमाण धरली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात ६२,५०० किलोमीटर सडकांचा संकल्प आहे, व त्यास प्रमाण २०११ ची गणना. त्या गणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ भरली. इतके लोक मोजले गेले खरे. पण सडक जिल्ह्यास मिळत नाही, वस्तीस मिळते, आणि पोड म्हणजे बहुधा थोड्याशाच घरांची वस्ती. कोलामांसारख्या अतिमागास जमातींकरिता २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या जनमन योजनेने ही मर्यादा १०० वर आणली, हे सरकारने चांगलेच केले. परंतु पुसद, महागावकडील बंजारा तांडे या सवलतीत येत नाहीत.

तांड्यांची अडचण निराळीच आहे. तेथील पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. २०११ साली गणना ९ ते २८ फेब्रुवारीस झाली, आणि नियम असा होता की, या सबंध मुदतीत जो घरी नाही तो जेथे आढळेल तेथे मोजावा. म्हणजे तांड्याची माणसे कारखान्याच्या फडावर मोजली जाणार आणि तांडा कागदोपत्री लहान होणार! सडक नाही म्हणून धंदा नाही, धंदा नाही म्हणून स्थलांतर, आणि स्थलांतरामुळे सडकेचा हक्क नाही. हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

तिजोरीस अंत आहे, कोठेतरी मर्यादा घालावीच लागते, असे सरकारी अधिकारी म्हणतील. ते आम्ही नाकारीत नाही. मात्र एकाच वाटेवर ओळीने चार पोडे असता प्रत्येकाचा आकडा वेगळा धरून चौघांसही नाकारणे हा हिशेबाचा आग्रह झाला. त्या वाटेवरील सर्व माणसांची बेरीज का धरू नये?

आमच्या व्यापारी बंधूंसही यात आपला संबंध नाही असे समजण्याचे कारण नाही. ज्या गावास सडक नाही तेथील कापूस जिनापर्यंत पोहोचण्याआधीच खेडा खरेदीवाल्याच्या हाती जातो, आणि शेतकरी पडेल त्या भावास राजी होतो. असा शेतकरी पेठेत येऊन कापड, भांडे काय घेणार? मूर्तिजापूरची शकुंतला गाडी कापसासाठी धावत असे. ती आता बंद आहे. वर्ध्याकडून येणारा नवा लोहमार्ग २८ फेब्रुवारी २०२४ रोजी कळंबपर्यंत खुला झाला, त्याचे आम्हांस समाधान आहे. तथापि शेतापासून स्टेशनापर्यंतची पहिली दोन कोस वाट चिखलाची असेल तर लोहमार्गाचा लाभ कोणास?

नव्या खानेसुमारीसाठी सरकारने १ मार्च २०२७ ही तारीख प्रमाण ठरविली आहे. म्हणजे गणनेचे दिवस पुन्हा तोडणीच्या हंगामातच येतात. ग्रामपंचायतींनी प्रत्येक पोडाचे व तांड्याचे नाव, तेथील कुटुंबे आणि तोडणीस गेलेली माणसे यांची यादी ग्रामसभेपुढे वाचून कायम करावी, व जिल्हा परिषदेने सडकांचा आराखडा करताना खानेसुमारीच्या आकड्यासोबत ही यादीही पुढ्यात ठेवावी. यास नवा कायदा लागत नाही. एक वही व तलाठ्याचा एक दिवस पुरे.