पाम्प्लमूसची बाग आणि सोळा पायऱ्या

इलेक्ट्रॉनिक सिटी काय नि चंदापुरा काय, आनेकल तालुक्यातल्या मराठी घरांना मॉरिशसच्या सहलीचं आता फारसं अप्रूप उरलेलं नाही. समुद्र मनसोक्त झाला की गाडी पाम्प्लमूसच्या बागेकडे आणि मोका गावातल्या ‘युरेका’कडे वळते. १८३०च्या सुमारास बांधलेलं, १०९ दारांचं ते साखरमळेवाल्यांचं घर आहे.

बंगळुरूकरांना ही बाग अगदीच परकी नाही. हैदरअलीने १७६०मध्ये सुरू केलेल्या लालबागेसाठी टिपूने मॉरिशसहूनही रोपं मागवली होती. पाम्प्लमूसची कीर्ती तेव्हा मोठी. पियेर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याने मोलुक्का बेटांतून लवंग आणि जायफळाची रोपं चोरून आणवली, १७७०मध्ये ती इथे रुजवली आणि डच मक्तेदारीला सुरुंग लावला. हे वाचताना मजा वाटते. पण त्या काळी बेटावर राबत होते ते आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेले गुलाम. मार्गदर्शक कमळांची महाकाय पानं हौसेने दाखवतात, खड्डे खणणाऱ्यांचा विषय सहसा निघत नाही.

१८३५मध्ये गुलामी कायद्याने संपली, ऊस मात्र तोडावाच लागत होता. त्याआधीच, १८३४पासून, हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर येऊ लागले होते. पुढच्या शतकभरात त्यांची संख्या साडेचार लाखांवर गेली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसं होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणेशचतुर्थी करतात, आणि त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

काळाने एक हिशेब तरी चुकता केला. बिहारमधून आलेल्या मजुराचा मुलगा, सर शिवसागर रामगुलाम, १९६८मध्ये स्वतंत्र मॉरिशसचा पहिला पंतप्रधान झाला. पाम्प्लमूसच्या बागेला आज त्यांचंच नाव आहे.

म्हणून वाडे आणि बागा जरूर पाहाव्यात, पण पोर्ट लुईसाठी अर्धा दिवस राखून. तिथल्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या चढून मजूर बेटावर दाखल होत. २००६पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. त्या मजुरांच्या नोंदवह्या आणि छायाचित्रं ‘युरेका’च्याच मोका गावात, महात्मा गांधी संस्थेत जपलेली आहेत.